आठवणीतला वाद्यवृंद आणि पिटमधले नऊ जण

लहानपणी तोंडपाठ झालेल्या चित्रपटाचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून कथा सांगणारं नाटक, दौऱ्यावर येतं, तेव्हा प्रेक्षक कोऱ्या मनाने खुर्चीत बसत नाही. पहिला सूर लागायच्या आधीच त्याच्या डोक्यात तो चित्रपट सुरू झालेला असतो. कुठल्या क्षणी व्हायोलिनं उसळतात, कुठे बासरी एकटी उरते, खलनायक कुठल्या शब्दावर भुवई उचलतो, हे सगळं त्याला आधीच ठाऊक असतं. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, नऊ वादक बसलेले असतात आणि त्याला ऐकू येतो तो सत्तर-ऐंशी जणांचा वाद्यवृंद. उरलेले वादक तो घरून सोबत घेऊन आलेला असतो.

दौऱ्यावरच्या अशा निर्मितीला मिळणारी सगळ्यात मोठी मदत ही आहे आणि ती कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही. अपरिचित कथेवरच्या नव्या म्युझिकलने पिटमधले अर्धे लोक कमी केले, तर पहिल्याच गाण्यात पोकळी जाणवते. लाडक्या चित्रपटाच्या म्युझिकलने तेच केलं, तर आठवण ती पोकळी भरून काढते. प्रेक्षक भारावून बाहेर पडतो. भारावण्यातला किती भाग रंगमंचावरच्या माणसांनी कमावला आणि किती बालपणाने पदरचा घातला, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणूनच अशा प्रयोगांना जास्त कडक नियम हवेत. दौऱ्यासाठी काटछाट करावीच लागते, पण ती नेपथ्यात व्हावी, वाद्यवृंदात नको. आणि जी काही काटछाट झाली असेल ती तिकीट विकतानाच, दिसेल अशा अक्षरात सांगितली जावी.

काटछाट का करावी लागते हे आधी पाहू, कारण त्यात लबाडीपेक्षा भूगोल जास्त आहे. एका जागी मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं चालणाऱ्या निर्मितीला थिएटर आपल्या गरजेप्रमाणे खोदता-तोडता येतं. रंगमंचाच्या तळात लिफ्ट बसवता येतात, छताच्या तुळया मजबूत करता येतात, बॉक्समधल्या, म्हणजे रंगमंचालगतच्या छोट्या सज्ज्यांतल्या, खुर्च्या काढून तिथे वादक बसवता येतात. दौऱ्यावरच्या निर्मितीला यातलं काहीच शक्य नसतं. तिला दर एक-दोन आठवड्यांनी दुसऱ्याच्या घरात जाऊन संसार मांडायचा असतो. तिथल्या रंगमंचाची खोली वेगळी, विंगांची रुंदी वेगळी, दिवे आणि पडदे टांगायच्या वरच्या आडव्या बारांची संख्या वेगळी, सामान आत घ्यायचं दारही वेगळं. म्हणून अशा सेटचा प्रत्येक तुकडा तीन मापांना उतरावा लागतो: ट्रकच्या आतली रुंदी, सामानाचं दार आणि दौऱ्यातल्या सगळ्यात अरुंद थिएटरची विंग. यातलं सगळ्यात लहान माप पूर्ण सेटचं भवितव्य ठरवतं.

सेट लावायचा क्रमही ठरलेला असतो. आधी रिगर, म्हणजे वर टांगायची कामं करणारे, येतात. ते रंगमंचाची मध्यरेषा काढून जमिनीवर खडूने खुणा करतात. त्या खुणांच्या बरोबर वर सामान उचलणाऱ्या विजेच्या मोटारी टांगल्या जातात. मग दिव्यांचे ट्रस, म्हणजे धातूचे सांगाडे, आणि स्पीकर वर चढतात, कारण एकदा जमीन भरली की वर टांगायची कामं करायला जागा उरत नाही. त्यानंतर निर्मिती स्वतःची जमीन अंथरते. थिएटरच्या रंगमंचावर तुकडे जोडून केलेला हा वीतभर उंचीचा दुसरा रंगमंच असतो आणि त्याच्या पोटात सेट सरकवणारे रूळ, तारा आणि त्या तारा ओढणारे विंच असतात. मोठे दौरे ही जमीन दोन प्रतींत बाळगतात. एकीवर प्रयोग चालू असताना दुसरी पुढच्या शहरात अंथरली जाते, त्यामुळे जवळपास एक दिवस वाचतो. मग सेट, मग दिव्यांची दिशा बारांच्या नव्या उंचीनुसार पुन्हा लावणं, मग ध्वनीची चाचणी. लहान दौऱ्याला हे सगळं सकाळी आठपासून संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत उरकायचं असतं, मोठ्याला दोन-तीन दिवस मिळतात. शेवटच्या प्रयोगानंतर सेट काढायला मात्र काही तासच हातात असतात, कारण ट्रक मध्यरात्रीनंतर रस्त्याला लागायचे असतात.

हे वेळापत्रक नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. खर्चाचा मोठा वाटा वस्तू हलवण्यात जातो. एक ट्रक कमी झाला की त्याचं भाडं, इंधन, चालक आणि तो रिकामा करणाऱ्यांचे तास असं सगळं वाचतं. म्हणजे बचत करायचीच असेल तर ती नेपथ्यात सगळ्यात जास्त होते. तरीही कात्री आधी पिटमध्ये चालते. कारण साधं आहे: सेट फोटोत येतो, वादक येत नाहीत.

नेपथ्य कमी झाल्याने प्रयोग गरीब होतो हा समज मुळात चुकीचा आहे. ‘द लायन किंग’चं उदाहरण तीस वर्षं होत आली तरी समोर उभं आहे. चित्रपट १९९४चा, रंगमंचावर तो १९९७मध्ये आला. दिग्दर्शिका ज्युली टेमोर यांना पुढच्या वर्षी म्युझिकलच्या दिग्दर्शनासाठी अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. चित्रपटातला दुष्काळ दाखवायला त्यांनी काय वापरलं? जमिनीवर पसरलेलं निळं रेशमी कापड आणि मधोमध एक भोक. कापड त्या भोकातून हळूहळू खाली ओढलं जातं आणि पाणवठा आटतो. सिंहिणी रडतात तेव्हा मुखवट्यांच्या डोळ्यांतून कापडी फिती बाहेर ओढल्या जातात. हरणांच्या कळपाची चेंगराचेंगरी फिरत्या रुळांवरच्या लहान आकृत्यांपासून सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक रांगेत मुखवटे मोठे होत जातात, म्हणजे लांबून जवळ येणं हे निव्वळ आकाराने साधलं आहे. प्राण्याचं सोंग घेतलेला माणूस कुठेही लपवलेला नाही. बाहुली आणि ती चालवणारा दोघंही एकाच वेळी दिसतात आणि प्रेक्षक दोघांवरही विश्वास ठेवतो. कापड, बांबू, मुखवटा आणि कसलेलं अंग हे सगळं ट्रकमध्ये मावतं. चित्रपटाची नक्कल करायचा हट्ट सोडला की नेपथ्याचा भार आपोआप उतरतो.

हट्ट सोडला नाही तर काय होतं, ते एलईडी भिंतीवर दिसतं. या भिंती अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलांनी जोडलेल्या असतात. दौऱ्यावर त्या सोयीच्या, कारण वीस रंगवलेल्या पडद्यांऐवजी एकच भिंत न्यायची आणि चित्र बदलायचं. पण तिची किंमत नटाला मोजावी लागते. भिंत स्वतः प्रकाश फेकते, त्यामुळे तिच्यापुढे उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. चेहरा उजळायला समोरचे दिवे वाढवले की पॅनेलांवरचा काळा रंग राखाडी होतो आणि रात्रीच्या प्रसंगातली रात्रच जाते. त्याशिवाय माणसाचा डोळा हलत्या आणि उजळ गोष्टीकडे ओढला जातो, मग नायिका गात असते आणि प्रेक्षक मागे हलणारी पानं पाहत असतो. पहिल्या काही रांगांतून पॅनेलवरचे ठिपके सुटे दिसतात. प्रवासात एखाद्या पॅनेलची जोडणी ढिली झाली तर राजवाड्याच्या मधोमध काळा चौकोन उमटतो. आणि इतकं करून भिंतीवर दिसतं काय, तर पुन्हा चित्रपटच, तोही मूळपेक्षा कमी देखणा. ज्याला तो चित्रपट पाहायचा आहे त्याच्याकडे तो घरी आहे. भिंत वापरूच नये असं नाही. मंद, जवळजवळ स्थिर, रंगाची नुसती छटा देणारं चित्र असेल तर ती उत्तम पडदा ठरते. पण ‘मूळ चित्रपटाची भव्यता रंगमंचावर’ अशी जाहिरात असेल तर बहुधा भिंतच बोलणार हे समजून चालावं.

आता वाद्यवृंदाकडे. खरा प्रश्न इथे आहे आणि प्रेक्षक इथेच सगळ्यात कमी पाहतो.

पिटमधली माणसं किती असावीत यावर न्यूयॉर्कमध्ये मार्च २००३मध्ये संप झाला. तिथल्या करारानुसार प्रत्येक थिएटरच्या आकाराप्रमाणे वादकांची किमान संख्या ठरलेली होती आणि सगळ्यात मोठ्या थिएटरांत ती २४ ते २६ होती. निर्मात्यांना ती खाली आणायची होती. संप झाला तर वाजवायला म्हणून त्यांनी संगणकावरच्या आभासी वाद्यवृंदासोबत तालमीही करून घेतल्या होत्या. पण नट आणि रंगमंच कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले, ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांतली, जवळपास सगळी म्युझिकल्स चार दिवस बंद पडली आणि शेवटी किमान संख्या १८ ते १९ वर आली. लंडनमध्ये २०२१मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ महासाथीनंतर पुन्हा सुरू झालं तेव्हा २७ वादकांच्या जागी १४ होते. ही दोन्ही उदाहरणं मुक्कामाच्या थिएटरांतली आहेत, जिथे संघटना आहेत आणि वर्तमानपत्रांचं लक्ष आहे. दौऱ्यावर संख्या त्याहून खाली जाते आणि त्याची बातमीही होत नाही.

संख्या कमी करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली प्रामाणिक. संगीत संयोजक मूळ स्वरलेखन बाजूला ठेवून नऊ जणांसाठी नव्याने लिहितो. तो विचारतो की या गाण्याचा कणा कुठल्या वाद्यात आहे आणि बारा व्हायोलिनांऐवजी एकाच चेलोला ही ओळ दिली तर तिचा अर्थ टिकतो का. एकच वादक बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आळीपाळीने वाजवतो, म्हणून एक वाद्य ठेवून दुसरं उचलायला त्याला लागणारी दहा-बारा सेकंदं स्वरलेखनातच राखून ठेवावी लागतात. अशा कामातून कधी कधी मूळापेक्षा धारदार काही निघतं. २००५मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘स्वीनी टॉड’ अवघ्या दहा नटांनी केलं आणि सगळी वाद्यं त्यांनीच वाजवली. तिथे कमी संख्येची तक्रार करायला जागाच नव्हती, कारण ती संख्याच प्रयोगाची कल्पना होती.

दुसरी रीत म्हणजे मूळ स्वरलेखन तसंच ठेवायचं, माणसं काढायची आणि त्यांच्या ओळी कीबोर्डवर टाकायच्या किंवा ध्वनिमुद्रित ट्रॅकवर ढकलायच्या. दौऱ्यावर सर्रास हीच चालते. दोन किंवा तीन कीबोर्ड, त्यांच्यामागे लॅपटॉप, त्यात तंतुवाद्यांचे नमुने, म्हणजे एकेका सुराचं आधी करून ठेवलेलं ध्वनिमुद्रण. हे ऐकायला वाईट नसतं, तिथेच फसगत होते. लांब, संथ सुरांत नमुना जवळजवळ खरा वाटतो. पण कान दिला तर तीन ठिकाणी तो उघडा पडतो. एक, जलद ओळीत: खऱ्या व्हायोलिनचा गज प्रत्येक सुराला वेगळा चावतो, नमुन्याचा प्रत्येक सूर एकाच साच्यातून येतो. दोन, सूर मोठा होत जातो तिथे: खरा वादक आवाजाबरोबर रंगही बदलतो, नमुन्याचा बहुधा फक्त आवाज वाढतो. तीन, शांततेत: खऱ्या वाद्यवृंदाच्या थांबण्याला श्वास असतो, ट्रॅक चाकूने कापल्यासारखा थांबतो.

त्याहून मोठं नुकसान गायकाचं होतं. ट्रॅक वापरायचा तर संगीत संचालकाच्या आणि ढोलकरी वादकाच्या कानात टिकटिक चालू ठेवावी लागते. तिला क्लिक म्हणतात. क्लिक सुरू झाली की लय यंत्राच्या ताब्यात जाते. खरा संचालक गायिकेच्या खांद्यांकडे पाहत असतो. तिने श्वास थोडा लांबवला तर हात थांबवतो, तिचा घसा आज जड आहे असं दिसलं तर ओळ जरा पुढे ढकलतो. आठवड्याला आठ प्रयोग करणाऱ्या, दर सोमवारी प्रवास करणाऱ्या माणसाला ही उसंत चैनीची बाब नाही, तिच्यावर आवाज टिकतो. क्लिकला खांदे दिसत नाहीत. प्रसंग अडला, दार उघडलं नाही, प्रेक्षकांचं हसू लांबलं, तर जिवंत वाद्यवृंद दोन मात्रांची ओळ घोळवत राहू शकतो. ट्रॅकवर त्यासाठी आधीच फिरत्या, म्हणजे पुन्हा-पुन्हा वाजवता येणाऱ्या, जागा आखून ठेवाव्या लागतात आणि आखलेल्या जागेबाहेर अडचण आली की नट संगीतामागे धावतो. भारी भावनेच्या गाण्याचा शेवटचा सूर गायिका किती धरणार हे तिने आणि संचालकाने त्या रात्री ठरवायचं असतं. ते आधीच ठरलेलं असेल, तर आपण नेमकं काय ऐकायला आलो होतो?

काही दौरे संचालक, एक-दोन कीबोर्ड आणि ढोलकरी एवढी मंडळी सोबत नेतात आणि बाकीचे वादक प्रत्येक शहरात घेतात. पद्धत चांगली आहे, पण तालमीवर अवलंबून आहे. स्थानिक वादकाला स्वरलिपी आधी पाठवली आणि गायकांसोबत एक पूर्ण बैठक मिळाली, तर तो पहिल्या प्रयोगाला उभा राहतो. स्वरलिपी दुपारी हातात पडली, तर मंगळवारचा प्रयोग ही त्याची तालीम असते आणि मंगळवारचा प्रेक्षक पूर्ण पैसे मोजून ती तालीम ऐकतो. त्यामुळे एका शहरात आठवडाभर प्रयोग असतील, तर गुरुवारनंतरचं तिकीट काढावं.

सभागृहाचा ध्वनी हा आणखी एक भाग, ज्याचं खापर बरेचदा नटांवर फुटतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंचापासून तीस मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत तो पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात. बाल्कनीखाली टांगलेल्या स्पीकरमधून तोच आवाज विजेच्या वेगाने आधी पोचतो, म्हणून त्या स्पीकरना तेवढा विलंब द्यावा लागतो. तो नीट मोजला नाही तर शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाण्याचे बोल चिखल होतात. शास्त्रीय वाद्यवृंदासाठी बांधलेल्या सभागृहात आवाज दोन सेकंदांच्या आसपास घुमत राहतो. सिंफनीला ते मानवतं, माइकवरच्या जलद गाण्याला निम्मा घुमाराही पुरे होतो. अशा सभागृहात जाड पडदे सोडले नाहीत तर विनोदी गाण्यातली एकही कोटी शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. त्यातून ध्वनी सांभाळणारा माणूस एकेका ओळीला एकेक माइक उघडत-बंद करत असतो. बोलणाऱ्याचाच माइक उघडा हवा, नाहीतर बाजूच्या नटाच्या माइकमधून तोच आवाज सूक्ष्म विलंबाने शिरतो आणि पोकळ वाटतो. केसांच्या रेषेवर चिकटवलेल्या माइकमध्ये घाम गेला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हे अपघात होतच राहणार, त्यांना माफी आहे. विलंब न मोजण्याला नाही.

चित्रपटाचं म्युझिकल करताना वाद्यवृंद नेमका का राखावा, याचं एक खोल कारण आहे आणि ते कथेच्या बांधणीत आहे. मुलांचे गाजलेले ॲनिमेशनपट दीड तासाच्या आतले असतात. ‘ब्युटी अँड द बीस्ट’ ८४ मिनिटांचा, ‘द लायन किंग’ ८८. म्युझिकल मध्यंतर धरून अडीच तासांचं होतं, म्हणजे जवळजवळ तासभराची भर घालावी लागते. ही भर प्रसंग लांबवून घातली की दुसरा अंक ढेपाळतो आणि लहान मुलं खुर्चीत वळवळू लागतात. ती सार्थकी लागते एकाच कामी: चित्रपटात जे डोळ्यांनी कळत होतं ते गळ्याने सांगायला. चित्रपटातल्या बीस्टला, शापाने पशू झालेल्या राजपुत्राला, स्वतःचं एकही एकल गाणं नाही, त्याची गरजच नव्हती. त्याचे चितारलेले डोळे पडदाभर होते. विसाव्या रांगेतून डोळे दिसत नाहीत. म्हणून १९९४च्या रंगमंचीय रूपात पहिल्या अंकाच्या शेवटी त्याला गाणं दिलं गेलं आणि त्या गाण्यात तो स्वतःच्या शापाकडे पहिल्यांदा सरळ पाहतो. गाणं हा रंगमंचाचा क्लोज-अप आहे. चित्रपटाने कॅमेऱ्यावर जेवढा जीव लावला तेवढाच रंगमंचाने पिटवर लावायला हवा, कारण ते त्याचं भिंग आहे. पिट अर्धं करणं म्हणजे ते भिंग धुरकट करणं.

आता विरोधी म्हणणं. पहिलं असं की वीस वादकांचा आग्रह धरला तर लहान शहरांत प्रयोग जाणारच नाही आणि तिथल्या मुलांना नऊ वादकही मिळणार नाहीत. हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मी संख्येची सक्ती मागत नाही. किमान संख्या बांधून दिली तर काही दौरे खरोखर निघणार नाहीत. मी मागतो आहे ती माहिती. नऊ वादकांचा प्रयोग नऊ वादकांचा म्हणून विकला जावा, मुक्कामाच्या निर्मितीचे फोटो आणि तिच्या पुरस्कारांची यादी लावून नव्हे. पुरस्कार मिळाला ती निर्मिती वेगळी होती, तिचं पिट वेगळं होतं, बरेचदा नटसंचही वेगळा होता.

दुसरं म्हणणं: सामान्य प्रेक्षकाला फरक कळत नाही, मग सांगून काय साधणार? प्रेक्षकाला फरक पडतो याचा पुरावा निर्मात्यांनीच दिला आहे. ‘स्कूल ऑफ रॉक’ या २००३च्या चित्रपटावरचं म्युझिकल २०१५मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा प्रयोगाआधी संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या आवाजात आवर्जून सांगितलं जाई की रंगमंचावरची मुलं वाद्यं खरोखर वाजवतात. जिवंत असणं अभिमानाने जाहीर करता येतं, तर जिवंत नसणंही साध्या शब्दांत सांगता येईल. एरवीही रंगभूमी हा शिष्टाचार पाळतेच. मुख्य भूमिकेत बदली कलाकार उभा राहणार असेल तर माहितीपत्रिकेत चिठ्ठी असते, प्रवेशदारापाशी फलक असतो किंवा घोषणा होते. एका नटाच्या जागी दुसरा तयारीचा नट आला तर प्रेक्षकाला सांगायचं आणि दहा वादकांच्या जागी लॅपटॉप आला तर सांगायचं नाही, हा भेद कशाच्या आधारावर करायचा?

तिसरं म्हणणं जरा अवघड आहे. मूल तर सूर मोजत नाही, ते खुश होऊन घरी जातं, मग मोठ्यांनी शंका का काढाव्यात? पण अनेक मुलांसाठी हा आयुष्यातला पहिला रंगमंच असतो. चित्रपट त्याने आधी पाहिलेला आहे, भिंतीवरचं चित्र त्याला रोज हातातल्या पडद्यावर दिसतं. त्याला जे कधीच मिळालेलं नाही ते म्हणजे दहा पावलांवर बसलेली, गज ओढणारी, गाल फुगवणारी माणसं. न्यूयॉर्कमध्ये ‘द लायन किंग’ने तालवादकांना रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या बॉक्समध्ये, प्रेक्षकांच्या नजरेसमोर बसवलं. तिथे बसलेलं मूल ढोलाकडेही बघतं आणि सिंहाकडेही, आणि त्याला आपसूक कळतं की हा आवाज त्या हातांतून येतो आहे. हे शिक्षण ट्रॅक देऊ शकत नाही.

मग तिकीट विकताना काय लिहावं? फार काही नाही. पिटमध्ये किती वादक आहेत आणि त्यातले कीबोर्डवर किती. गायन किंवा वादन ध्वनिमुद्रित आहे का, असल्यास कुठे: नाचाच्या जोरकस भागात समूहगायनाला दिलेला ट्रॅकचा आधार वेगळा आणि एकल गाण्यातला वेगळा, दोन्ही एका शब्दात गुंडाळू नयेत. सेट आणि दिग्दर्शन मूळ निर्मितीचं आहे की परवाना घेऊन नव्याने केलेलं. मध्यंतरासह एकूण वेळ. तीव्र झगमगणारे दिवे, धूर आणि मोठे धमाके आहेत का, आणि ज्या मुलांना ते सोसत नाहीत त्यांच्यासाठी सौम्य प्रयोग आहे का. असे प्रयोग अवघड नाहीत. सभागृहातले दिवे पूर्ण विझवायचे नाहीत, अचानक मोठे होणारे आवाज खाली आणायचे, मध्येच उठून बाहेर जायला मोकळीक ठेवायची. न्यूयॉर्कमध्ये २०११च्या ऑक्टोबरात ‘द लायन किंग’चा स्वमग्न मुलांसाठी असा खास प्रयोग झाला होता. दौऱ्याला एका शहरात आठ प्रयोग मिळत असतील, तर त्यातला एक दुपारचा प्रयोग यासाठी सोडायला हरकत नसावी.

ही माहिती छापणं कायद्याने सक्तीचं व्हावं की थिएटरांनी करारातच मागावी? मला दुसरा मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो. दौऱ्याशी करार करताना थिएटर तांत्रिक तपशिलाचं बाड मागवतंच. त्यात बारांवरचं वजन, विजेचा भार, पिटमधल्या खुर्च्या आणि स्वरलिपीचे स्टँड किती, हे सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे नऊ हा आकडा थिएटरच्या कार्यालयात आधीपासूनच कागदावर असतो. तो फक्त तिकिटाच्या पानावर आणायचा आहे.

तोवर प्रेक्षकाने स्वतः शोधावं. माहितीपत्रिकेत वादकांच्या नावांसमोर वाद्यं लिहिलेली असतात. ‘कीबोर्ड १, कीबोर्ड २, कीबोर्ड ३’ आणि एकही तंतुवाद्य नाही असं दिसलं, की व्हायोलिनं कुठून येणार ते कळतं. वादकांची नावंच नसतील तर तेही उत्तर आहे. जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह टाळावा. निर्मितीने अंथरलेली जमीन उंच असल्याने तिथून नाचणाऱ्यांची पावलं दिसत नाहीत. बाल्कनीची पहिली-दुसरी रांग, मधोमध, ही नृत्यरचना पाहायला सगळ्यात चांगली जागा. तळमजल्यावर बसायचं असेल तर बाल्कनीचा सज्जा डोक्यावर येणार नाही इतपत पुढे बसावं, कारण सज्ज्याखाली आवाज दबतो आणि सेटचा वरचा भाग कापला जातो. अगदी कडेच्या खुर्च्यांवरून समोरच्या विंगेतली धावपळ दिसते आणि जवळच्या बाजूचा तिसरा हिस्सा दिसत नाही. प्राणी प्रेक्षकांमधून चालत येतात अशा प्रयोगाला मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी आणि वेळेआधी पोचावं, कारण पहिलं गाणं संपेपर्यंत उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत, आणि अशा प्रयोगात पहिलं गाणं चुकलं तर पुष्कळच चुकलं.

प्रयोग संपून नट वाकून विंगेत गेले की वाद्यवृंद आणखी दोन-तीन मिनिटं वाजवतो. लोक बाहेर पडताना वाजवायचं म्हणून ते संगीत लिहिलेलं असतं, दिवे लागलेले असतात आणि बहुतेक जण पाठ फिरवून गाडीची किल्ली शोधत असतात. मूल सोबत असेल तर त्या वेळी गर्दीच्या उलट दिशेने चालत पिटच्या कठड्यापर्यंत जावं आणि त्याला उचलून आत बघू द्यावं. तिथे माणसं दिसली तर ती त्याला बोटांवर मोजायला सांगावीत.